दोन अक्षरांचा फरक

आमच्या गावाचे नाव व्याकरणाच्या ग्रंथात आले आहे, ही गोष्ट पुष्कळ गावकऱ्यांस ठाऊक नसते. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र यांनी प्राकृत भाषेचे जे व्याकरण रचिले, त्यात एक संबंध सूत्र त्यांनी अचलपूर ह्या एकट्या शब्दासाठी खर्ची घातले आहे. संस्कृतातील ‘अचलपुर’ प्राकृतात ‘अलचपुर’ होते, म्हणजे चकार आणि लकार आपापली जागा बदलतात, एवढेच त्या सूत्राचे सांगणे. ह्याच उलट्या नावाचे पुढे एलिचपूर झाले, आणि इंग्रजी अमदानीतील नकाशांत व दप्तरांत ते वर्षानुवर्षे नांदले. दोन अक्षरे अशी उलटीसुलटी झाली म्हणून गावाचे काही बिघडले नाही. सापन व बिछन ह्या नद्या आपल्या पात्रातून वाहतच राहिल्या, परकोटाचा एक दगडही त्यामुळे ढळला नाही, हौजकटोऱ्याचे अष्टकोन अष्टकोनच राहिले. माणसाच्या जिभेस सोपे ते जिभेने केले, आणि व्याकरणकाराने त्याची नोंद ठेविली, इतकेच.

परंतु सर्वच लिप्या इतक्या सहनशील नसतात. सजीवांच्या पेशींत जी लिपी चालते तीत अवघी चार अक्षरे आहेत. आणि तिच्यात कित्येक ठिकाणी दोन अक्षरांच्या फेराने जीव जगावा की दगावावा ह्याचा निकाल लागतो. ह्या दुसऱ्या लिपीविषयी आज आम्ही लिहिणार आहो. आम्ही वैद्य नाही आणि जीवशास्त्राचे अध्यापकही नाही. जुने कागद, ताम्रपट, शब्दांची घडण ह्यांत आमचा वेळ जातो. असे असता हा विषय आमच्या वाट्यास आला तो एका शेजारधर्मामुळे.

आमच्या सरमसपुऱ्यातील एका कुटुंबातील सोळा वर्षांच्या मुलीच्या मानेवर डाव्या बाजूस एक गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून पहिले दोन महिने तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, रात्री अंथरूण घामाने भिजू लागले, आणि अंगावरचे कपडे सैल झाले. आपल्याकडे मानेच्या गाठीला गंडमाळ म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड ह्या चौघांचा विचार एकाच अध्यायात केलेला आहे. चारही गोष्टी वरून पाहणाऱ्यास सारख्याच दिसतात हे त्या ग्रंथकाराने जाणले होते. आपल्या देशात गाठीचा क्षयरोग विपुल, त्यामुळे क्षयाचीच औषधे आधी सुरू झाली. ह्यात कोणास फार बोल लावता येत नाही. ज्याच्या नावाने ह्या रोगातील विशिष्ट पेशी आजही ओळखल्या जातात त्या कार्ल स्टर्नबर्गनेदेखील १८९८ साली ह्या रोगास क्षयाचाच एक निराळा प्रकार मानले होते. शेवटी नागपुरास गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा खरे नाव कळले. तो हॉजकिनचा लिंफोमा होता. टॉमस हॉजकिन ह्या इंग्रज वैद्याने १८३२ साली प्रथम वर्णन केलेला, लसिकाग्रंथींचा कर्करोग.

येथवरची हकीकत दुःखाची असली तरी अपूर्व नव्हे. अपूर्व ते पुढे झाले. तपासणीच्या अहवालात खालच्या बाजूस एक ओळ होती, की गाठीतील पेशींत एपस्टीन-बार विषाणूची खूण सापडली आहे. घरातल्या एका शिकलेल्या नातलगाने ती ओळ वाचली आणि तीतील एकच शब्द त्याच्या डोळ्यांत भरला: विषाणू. महामारीच्या दिवसांपासून ह्या शब्दाची दहशत घराघरांत बसलेली आहे. दुसऱ्याच दिवशी मुलीचे ताट, वाटी व पेला निराळे झाले. धाकट्या भावाची रवानगी अकोटास मामाकडे झाली. कोणी मोठ्याने काही बोलले नाही. परंतु आजारी माणसास न बोललेलेच अधिक ऐकू येते.

एके दिवशी तिची आई आमच्याकडे तो कागद घेऊन आली. मुलगी तान्ही असताना तिला पहिला भात कोणी भरविला, तर हिनेच. आधी आपल्या तोंडात तो मऊ करावयाचा, मग लेकराच्या तोंडात घालावयाचा; तिच्या आईनेही तिला तसाच भरविला होता. हा विषाणू लाळेतून जातो हे तिला कोणी तरी सांगितले होते. ती म्हणाली, “काकाजी, माह्या पोरीले म्याच देला का हो हा रोग?”

ह्या प्रश्नास ‘नाही, नाही’ असे घाईने म्हणून वाटेस लावणे सोपे होते. परंतु खोटे सांत्वन पहिल्या शंकेबरोबर गळून पडते, आणि मागे राहिलेला संशय पहिल्याहून कडू होतो. म्हणून खरे काय आहे ते समजून घ्यावे आणि मगच तिला उत्तर द्यावे असे आम्ही ठरविले.

हा विषाणू माणसास प्रथम दिसला तो आफ्रिकेतून आलेल्या एका गाठीत. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट ह्या शस्त्रवैद्याने लहान मुलांच्या जबड्यांस येणाऱ्या एका झपाट्याने वाढणाऱ्या अर्बुदाचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. १९६१ साली लंडनमध्ये त्याचे व्याख्यान झाले, ते अँथनी एपस्टीन ह्या विकृतिशास्त्रज्ञाने ऐकले, आणि ह्या रोगामागे विषाणू असावा असे त्याच्या मनाने घेतले. कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. १९६३ च्या डिसेंबरात असेच एक विमान धुक्यामुळे लंडनला उतरू शकले नाही व मँचेस्टरकडे वळले. नमुना उशिरा पोहोचला तेव्हा त्यातील द्रव गढूळ झालेला होता. सडला म्हणून टाकून देण्याऐवजी एपस्टीनने तो पाहिला, तो काय, गाठीतल्या जिवंत पेशी सुट्या होऊन द्रवात तरंगत होत्या! त्याच वाढविल्या गेल्या, आणि १९६४ साली एपस्टीन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार ह्या तिघांनी विद्युत्सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या नव्या विषाणूची वार्ता जगास दिली.

पुढील शोधांनी मात्र ह्या वार्तेचा रंग बदलून टाकिला. हा विषाणू आफ्रिकेतील थोड्या अभागी मुलांचा नव्हे, तर साऱ्या मनुष्यजातीचा सोबती निघाला. पृथ्वीवरील प्रौढ माणसांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक लोकांच्या अंगी तो आहे. आपल्यासारख्या देशांत तो बहुधा बाळपणीच लागतो आणि तेव्हा सर्दीतापाच्या पलीकडे त्याची चाहूलही लागत नाही. एकदा आला की तो रक्तातील बी-लसिकापेशींत बिऱ्हाड करितो आणि जन्मभर राहतो. बहुतेकांस त्याचा काडीचाही उपद्रव होत नाही. शरीराने त्याच्याशी एक प्रकारचा करार केलेला असतो असे म्हटले तरी चालेल.

ह्या कराराचा विचार करिताना आम्हांस आमच्या शेजारच्या चम्मक गावाच्या ताम्रपटाची आठवण झाली. पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने हे गाव एक सहस्र ब्राह्मणांस दान दिले. परंतु ते दान बिनशर्त नव्हते. त्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांशी वैर मांडू नये, इतके पाळले तर गाव त्यांचे. न पाळले तर राजाने ते परत घेणे ही चोरी ठरणार नाही, असा मजकूर त्या पत्र्यांवर कोरलेला आहे. शरीरही ह्या विषाणूस असेच सशर्त इनाम देते. पहाऱ्यास टी-लसिकापेशी नेमलेल्या असतात. विषाणूने आपली प्रथिने उघडपणे बनविण्यास आरंभ केला की त्या ते ओळखतात आणि इनाम घेतलेल्या पेशीसकट त्याचा निकाल लावितात. म्हणून विषाणू बव्हंशी मुकाट्याने राहतो. प्रश्न असा, की मुकाट्याने राहणारा हा इनामदार कधी कधी द्रोह करितो तो कोणत्या मार्गाने?

ह्याचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडलेली गोष्ट सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या एका किड्यात सापडली. पेशीतील कारभार असा चालतो, की मूळ दप्तर म्हणजे डीएनए. त्यातील एकेका कलमाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. आणि त्या नकलेबरहुकूम जे प्रत्यक्ष काम उभे राहते ते प्रथिन. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन ह्या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले, की त्या किड्यात एक अतिलहान आरएनए आहे. तो स्वतः कोणतेच प्रथिन बनवीत नाही, तर दुसऱ्याच्या हुकुमाच्या कागदाला जाऊन चिकटतो आणि तो हुकूम अमलात येऊ देत नाही. पुष्कळ वर्षे लोक ह्यास किड्याचे वैचित्र्य समजले. पुढे असे शेकडो लघुलेख माणसाच्या पेशींतही सापडले. त्यांस मायक्रोआरएनए म्हणतात. प्रत्येकाची लांबी सुमारे बावीस अक्षरे. आणि कोणत्या हुकुमास चिकटावयाचे ते मुख्यतः त्यांच्या आरंभाच्या सात-आठ अक्षरांवर ठरते. ह्या शोधाबद्दल उभयतांस २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गंमत अशी, की हेच हत्यार विषाणूपाशीही निघाले. २००४ साली न्यूयॉर्क येथील टॉमस तुशल यांच्या प्रयोगशाळेत सेबास्तियां फेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एपस्टीन-बार विषाणूने बाधलेल्या बर्किट लिंफोमाच्या पेशी तपासल्या. त्यांत विषाणूच्याच दप्तरातून निघालेले पाच मायक्रोआरएनए सापडले. विषाणूजवळ असली काही वस्तू असल्याचा हा पहिलाच पुरावा होता. आज ही संख्या चाळिसांच्या वर गेली आहे.

ही युक्ती विषाणूस किती सोयीची आहे पाहा. प्रथिन केले तर पहारेकरी ते पाहतात. मायक्रोआरएनए हे प्रथिन नव्हे. टी-पेशींस ते ओळखताच येत नाही. शिवाय ते इतके लहान, की विषाणूच्या आखूड दप्तरातही त्याला जागा होते. बर्किटच्या लिंफोमात विषाणूची बाकीची बहुतेक प्रथिने गप्प असतात, तरी हे लघुलेख मात्र निघतच असतात. हल्लेखोर म्हटला की हाती मशाल घेऊन धावणारा कोणी आपल्या नजरेपुढे येतो. हा तसा नाही. हा रात्री देवडीवर जाऊन पहारेकऱ्याच्या नावचे हुकूम तेवढे हळूच काढून घेणारा आहे.

कोणते हुकूम तो काढून घेतो, तेही पुष्कळ अंशी कळले आहे. पेशी बिघडली तर तिने स्वतःस संपवावे अशी एक व्यवस्था निसर्गाने करून ठेविली आहे. ह्या आत्मविसर्जनास चालना देणारे ‘प्यूमा’ नावाचे एक प्रथिन आहे. विषाणूच्या एका मायक्रोआरएनएमुळे त्याचा हुकूम दबतो. संकटात सापडलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर एक निशाण उभारते, म्हणजे मारेकरी लसिकापेशी तिला ओळखतात. दुसरा एक मायक्रोआरएनए त्या निशाणाचा हुकूम दाबतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असेही दिसले, की हे लघुलेख काढून टाकलेला विषाणू ज्या पेशींत असतो त्या पेशी टी-पेशींस अधिक सहज सापडतात. ह्या सर्वांत विषाणूने नवे असे काहीच उभारलेले नाही. त्याने केवळ नकार पेरले आहेत. ज्या पेशीने मरावयाचे ती मरत नाही, जिला हुडकून काढावयाचे ती हुडकली जात नाही. आणि अशा न मेलेल्या, न हुडकलेल्या पेशीत पुढे आणखी काही बिघडले, तर तीतून लिंफोमा उद्भवण्याचा संभव वाढतो.

येथे वाचक विचारील, की हे सारे काचपात्रातले झाले. प्रत्यक्ष देहात एखाद्या मायक्रोआरएनएमुळे लिंफोमा होतो असे कोणी दाखविले आहे काय? दाखविले आहे, परंतु माणसात नव्हे, कोंबडीत. आमच्या अमरावती जिल्ह्यात कुक्कुटपालन करणारे पुष्कळ आहेत, आणि मॅरेकचा रोग हे नाव त्यांस नवे नाही. योझेफ मॅरेक ह्या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पक्ष्याचे पाय लुळे पडतात, एक पाय पुढे व एक मागे टाकून तो बसतो, आणि यकृत, प्लीहा इत्यादी अवयवांत लसिकापेशींच्या गाठी होतात. हा रोगही एका विषाणूमुळेच होतो, व तो एपस्टीन-बारच्याच हर्पिस कुळातला आहे.

मॅरेकच्या विषाणूजवळही मायक्रोआरएनए आहेत. त्यांपैकी एकाची आरंभीची कळीची अक्षरे कोंबडीच्या स्वतःच्याच एका मायक्रोआरएनएसारखी आहेत. ह्या मूळ मायक्रोआरएनएचा क्रमांक १५५. तो माणसातही आहे, लसिकापेशींच्या वाढीशी त्याचा निकट संबंध आहे, आणि उंदरांच्या बी-पेशींत तो वाजवीपेक्षा फार वाढविला असता कर्करोग होतो असे २००६ साली दिसून आले होते. म्हणजे विषाणूने येथे घरधन्याच्याच शिक्क्याची नक्कल केली. इंग्लंडातील कॉम्प्टन येथील पशुआरोग्य संस्थेत वेणुगोपाल नायर व त्यांचे सहकारी यांनी ह्या नकलेची परीक्षा घेतली, व तिचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विषाणूच्या दप्तरातील हा एवढाच लेख काढून टाकिला. पक्ष्यांस लिंफोमा होईना. मग लेख जागच्या जागी ठेवून त्याच्या कळीच्या भागातील केवळ दोन अक्षरे बदलिली; तरीही लिंफोमा होईना. आणि त्या जागी कोंबडीचा स्वतःचा मूळ लेख आणून बसविला, तेव्हा विषाणूची गेलेली मारकशक्ती परत आली. दोन अक्षरे! हेमचंद्राने आमच्या गावाच्या नावात नोंदविलेली दोन अक्षरे इकडची तिकडे झाली तरी गाव आपल्या जागी राहिले. येथे दोन अक्षरे बदलली आणि मृत्यूचा हुकूमच रद्द झाला.

तथापि ह्या प्रयोगावरून धावत जाऊन मनुष्याविषयी सिद्धांत ठोकणे बरोबर होणार नाही. चीनमध्ये मॅरेकच्या विषाणूच्या दुसऱ्या एका वाणावर असाच प्रयोग झाला, तेव्हा गाठींचे प्रमाण घटले, पण त्या अजिबात थांबल्या नाहीत. माणसाचा एपस्टीन-बार विषाणू १५५ ची नक्कल स्वतः बाळगीतही नाही. तो आपल्या एका प्रथिनाच्या द्वारा माणसाच्याच १५५ ला चेतवितो. त्याच्याच कुळातील आणि १९९४ साली सापडलेला कापोसी-विषाणू मात्र ती नक्कल बाळगतो, व तोही एका विरळ लिंफोमास कारण होतो. शिवाय बर्किटच्या लिंफोमात ‘मिक’ नावाचे जनुक आपली रंगसूत्रावरील जागा सोडून भलतीकडे जाऊन बसलेले असते. आफ्रिकेत वारंवार येणारा हिवताप ह्या रोगास मदत करितो. एचआयव्हीने किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्यांस असले लिंफोमा अधिक होतात. अशी अनेक कारणे एकत्र यावी लागतात तेव्हा कोठे लक्षावधींतल्या एखाद्याचा करार मोडतो. म्हणूनच ह्या विषयावर लिहिणारे शास्त्रज्ञ ‘होते’ असे न लिहिता ‘होणे संभवते’ असे लिहितात. हे ‘संभवते’ आम्हांस भित्रेपणाचे लक्षण वाटत नाही. तोलून बोलणाऱ्याच्या तराजूची ती सूक्ष्म दांडी आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञांनी २००० च्या सुमारास आपल्याकडील हॉजकिनच्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य गाठींत एपस्टीन-बारची खूण मिळाली. युरोप-अमेरिकेत हे प्रमाण साधारणतः तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असते. तेव्हा त्या मुलीच्या अहवालातील ती ओळ आपल्या देशात काही विलक्षण नव्हती. विलक्षण झाले ते तिचे वाचन.

आता त्या माउलीस आम्ही काय सांगितले ते लिहितो. आम्ही म्हटले, “बाई, हा विषाणू तुझ्या अंगात आहे, तुझ्या यजमानांच्या अंगात आहे, आमच्याही अंगात असणारच, आणि ज्या धाकट्यास तू अकोटास धाडिलेस त्याच्याही अंगात बहुधा आलेलाच आहे. मुलीला तो तुझ्याकडून आला असेल, आजीकडून आला असेल, शेजारच्या पोरीच्या उष्ट्या बोरातून आला असेल. विषाणू आला म्हणजे रोग आला असे नव्हे. रोग झाला तो तिच्या एका पेशीत पुढे जे जे बिघडत गेले त्याने, आणि ते कोणाच्या हातून झालेले नाही. तिची गाठ कोणास लागत नाही. ताट निराळे करून तू कोणाचेच रक्षण करीत नाहीस. केवळ तिला एकटी पाडतेस.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “मंग मी तिले आपल्या हातानं भरवू ना?” आम्ही म्हटले, अवश्य भरव. औषधांच्या दिवसांत प्रतिकारशक्ती उतरलेली असते, म्हणून हात तेवढे स्वच्छ धुऊन भरव. ते तिच्या रक्षणासाठी, तिच्यापासून रक्षणासाठी नव्हे. त्या आठवड्यातच धाकटा अकोटाहून परत आला. मुलीचे उपचार नागपुरास चालू आहेत, आणि हॉजकिनचा लिंफोमा हा वेळीच उपचार झाले असता बहुसंख्य रोग्यांस बरा होणारा कर्करोग आहे, हे आम्ही त्यांस वारंवार सांगत असतो, कारण ते खरे आहे.

ह्या प्रकरणावरून आमच्या मनात जे ठसले ते हे, की कारण आणि दोष ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. कारणाचे ज्ञान ढोबळ असते तोवर दोष त्याच्या पाठोपाठ येतो: ‘विषाणू’ म्हटले की ‘कोणी दिला?’ हा प्रश्न पुढे उभाच. कारणाचा शोध जसजसा सूक्ष्म होत जातो, म्हणजे पेशीपर्यंत, हुकुमापर्यंत, बावीस अक्षरांच्या लेखापर्यंत आणि त्यातल्याही दोन अक्षरांपर्यंत जातो, तसतशी दोष ठेवावयास जागाच उरत नाही. शास्त्र मनुष्यास निष्ठुर करिते असा एक समज आहे. अर्धवट शास्त्र निष्ठुर करिते हे आम्ही ह्या घरात पाहिले; पुरते शास्त्र दयाळू करिते हेही तेथेच पाहिले.

ह्या ज्ञानाचा उपचारास काय उपयोग, असे कोणी विचारील. मॅरेकच्या रोगावर १९७० च्या सुमारास लस निघाली. कोणत्याही प्राण्यातील कर्करोग टाळणारी ती पहिली लस. आज उबवणी केंद्रात पिल्लू अंड्यातून निघताच त्याला ती टोचतात. गंमत अशी, की ती विषाणूचा शिरकाव थांबवीत नाही, गाठी तेवढ्या थांबविते. म्हणजे करार मोडू देत नाही. माणसाच्या एपस्टीन-बारवर मात्र अद्याप मान्यताप्राप्त लस नाही. प्रयत्न चालू आहेत. मायक्रोआरएनएस अडविणारी औषधे करण्याचेही प्रयत्न झाले आहेत, परंतु लिंफोमावरील रूढ उपचारांत त्यांस अजून स्थान मिळालेले नाही. दुसऱ्या बाजूने, पहारेकऱ्यांस नवी दृष्टी देण्याची विद्या आपल्या महाराष्ट्रातच आकारास आली. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार-१९’ ह्या उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांस बिघडलेल्या बी-पेशी ओळखावयास शिकवितात व परत शरीरात सोडतात. हा उपचार हॉजकिनसाठी नव्हे, बी-पेशींच्या काही इतर लिंफोमांसाठी व रक्ताच्या कर्करोगासाठी आहे. पण विषाणूने काढून घेतलेले हुकूम परत लिहून देण्याचीच ही रीत आहे, असे आमच्यासारख्या अडाण्यास वाटते.

तोवर आम्हां सामान्यांच्या हाती दोन गोष्टी आहेत. मानेतील, काखेतील किंवा जांघेतील गाठ दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. काही आठवड्यांत ती ओसरली नाही तर तिचा तुकडा तपासून घेण्याचा आग्रह धरावा, आणि क्षयाच्या औषधांनी ती कमी होत नसेल तर हा आग्रह दुणा करावा. ही पहिली. दुसरी गोष्ट आमच्या पेशाजवळची आहे. वऱ्हाडात एके काळी पत्र आले म्हणजे ते वाचून दाखविण्यासाठी शाळेच्या मास्तरांकडे किंवा टपालवाल्याकडे न्यावयाचे. चांगला वाचणारा पहिल्याच ओळीवर थांबत नसे. मृत्यूची वार्ता असली तर आधी ऐकणारास खाली बसवी, पाणी देववी, आणि मग पत्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाची. आता साक्षरता वाढली आणि ती माणसे दिसेनाशी झाली. परंतु रुग्णालयातून निघणारे कागद पूर्वीच्या पत्रांहून अधिक दुर्बोध आहेत. असे कागद घेऊन कोणी दाराशी आले तर त्यास आधी बसावयास सांगावे, आणि कागद अर्ध्यावर सोडू नये.